भीती नावे, हसू जमा

बी.कॉम. झालेल्या माणसाने भुतांवर लिहू नये असा रिझर्व्ह बँकेचा काही नियम नाही. मी परिपत्रकं चाळून पाहिली आहेत. उलट मराठीत भुतांचं आणि बँकेचं नातं जुनं आहे. गूढकथेचा आमचा मोठा सरदार, रत्नाकर मतकरी, हा माणूस वीस वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरीला होता. १९७८ साली त्यांनी ती सोडली आणि पूर्णवेळ लिहायला घेतलं. एवढ्या सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाला 'खेकडा'सारखी गोष्ट सुचलीच कशी, असं लोक विचारत. ज्याने एकतीस मार्चची रात्र बँकेत काढली आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. रात्री साडेअकराला ताळा एक रुपया चाळीस पैशांनी चुकतो, सगळं गाव झोपलेलं असतं, आणि आपल्या पाठीमागे कोणी तरी उभं आहे असं वाटतं. मागे वळून बघावं तर खरोखरच असतं. मॅनेजर.

हल्ली ताळा संगणक लावतो. पण 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द पंचावन्न गिऱ्हाइकांच्या रांगेपुढे उच्चारून पाहा, म्हणजे मुंज्याची गरज उरत नाही.

तर मी भीतीच्या गोष्टींचा शौकीन आहे आणि हसण्याच्या गोष्टींचाही. या दोन शौकांचा एकमेकांशी संबंध काय, असं आमची सौ. विचारते. तिच्या मते एका माणसाने एक तर घाबरावं नाही तर हसावं. दोन्ही करणाऱ्याला आमच्याकडे सरळ वैद्याकडे नेतात. पण माझा दोष नाही. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात नारायण धारप आणि पु. ल. देशपांडे शेजारशेजारच्या कपाटांत होते आणि दोन्ही कपाटांना एकच किल्ली लागत असे. ग्रंथपाल काका ती जानव्याला बांधून ठेवीत. एका वेळी दोन पुस्तकं मिळत. एक भ्यायला, एक उतारा म्हणून.

आता आमच्या जिल्ह्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण बुलढाणा म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस 'हो का, नागपूरजवळ ना?' असं म्हणून गप्प बसतो. (तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त आहे.) आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. अजिंठ्याच्या डोंगराची रांग मधून गेलेली. वर राहतात ते घाटावरचे, खाली राहतात ते घाटाखालचे. सोयरीक जुळवताना हा भेद पाहतात. भुतांमध्येही तो असावा असा माझा अंदाज आहे, कारण घाटाखालच्या उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता चिंचेखाली उभं राहायचं म्हणजे भूतसुद्धा टिकाऊच पाहिजे.

आणि घाटावर आहे लोणार. जगातली एक अस्वस्थ करणारी गोष्ट आमच्याकडे आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बेसाल्टच्या पठारात एकदम पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, तळाशी खारं पाणी. आमच्या आज्यांच्या गोष्टीत त्या खड्ड्यात लवणासुर राहत होता, विष्णूने येऊन त्याचा निकाल लावला, आणि गावात दैत्यसूदनाचं देखणं देऊळ उभं राहिलं. मग १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी आला, त्याने नोंद केली. पुढे शास्त्रज्ञ आले. आधी म्हणाले ज्वालामुखी, नंतर म्हणाले आकाशातून दगड पडला. कधी? आधी म्हणाले बावन्न हजार वर्षांपूर्वी. मग २०१० च्या सुमारास नवी मोजणी झाली आणि आकडा निघाला पाच लाख सत्तर हजार. आमच्या शाखेत एवढा फरक निघाला असता तर चौकशी लागली असती! पण मला आवडतं ते असं, की गोष्ट तीच आहे. वरून काही तरी आलं आणि खाली जे होतं त्याचा निःपात झाला. आजीने तिला शेपूट लावलं, शास्त्रज्ञांनी दशांश चिन्ह लावलं. मूळ कथेला धक्का न लावता केलेलं याहून चांगलं रूपांतर मी पाहिलेलं नाही. जून २०२० मध्ये तर सरोवराचं पाणी गुलाबी झालं. ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे झालं असं पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेने सांगितलं. पण तोवर, टाळेबंदीत घरात बसलेल्या आम्हा लोकांना कलियुगाचा शेवटचा अंक सुरू झाल्याची खात्री पटली होती.

रूपांतर हा शब्द आलाच आहे तर धारपांकडे वळू. १९२५ ते २००८ हे त्यांचं आयुष्य, आणि पुस्तकं शंभराच्या वर. आमच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं एवढी फिरत की मुखपृष्ठं निखळून जात, आणि पुस्तक हातात आलं की ते कुठलं हे दहाव्या पानापर्यंत कळत नसे. त्यातही एक वेगळी भीती होती. त्यांचा समर्थ नावाचा नायक संकटात धावून येई. आम्ही पोरं समर्थ वेळेवर येतो की नाही यावर पैजा लावत असू. तो येतच असे. सरकारी खात्यातला नसावा.

पुढे कॉलेजात कोणी तरी दिव्य ज्ञान दिलं की धारपांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून घेतली आहे आणि 'शपथ' ही त्याच्याच 'इट'वरून. सांगणाऱ्याचा चेहरा भुरट्या चोराला पकडल्यासारखा झाला होता. मी म्हणतो, मग काय झालं? चेक पाहिला आहे ना? चेकच्या मागे सही करून तो दुसऱ्याच्या नावे करता येतो, दुसरा तिसऱ्याच्या. त्याला आम्ही पृष्ठांकन म्हणतो. कागद तोच राहतो. पाहायचं एवढंच, की शेवटच्या माणसाने तो खिडकीत सरकवला तर रोकड मिळते की चेक परत येतो. धारपांचा चेक परत आला नाही. त्यांच्या गोष्टी वाचून मी रात्री परसात जायला धाकट्या भावाला सोबत नेत असे, आणि तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. याहून जास्त रोकड कोणती?

पृष्ठांकनाचं सगळ्यांत लांबलेलं उदाहरण म्हणजे 'तुंबाड'. किंगने 'ग्रामा' नावाची गोष्ट लिहिली, अमेरिकेतल्या एका म्हातारीची. धारपांनी तिची मराठी 'आजी' केली. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे आमच्याच विदर्भात, एका मित्राने धारपांची गोष्ट राही अनिल बर्वे नावाच्या शाळकरी मुलाला सांगितली. मुलाच्या डोक्यात ती पंचवीस वर्षं बसली. त्याने सातशे पानांची चित्रमालिका काढली, एकेका पावसाळ्याची वाट पाहत वर्षानुवर्षं चित्रीकरण केलं, नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधल्या गावाचं, आणि २०१८ साली चित्रपट आला तो हिंदीत. चार-पाच सह्यांचा चेक! तेव्हा तो बेताचा चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. मुदत ठेव म्हणतात ती ही.

आता, मी हा चित्रपट बँकेच्या माणसाच्या नजरेने पाहिला हे कबूल केलंच पाहिजे. एक पडका वाडा. खाली एक राक्षस. त्याच्या लंगोटीत सोन्याच्या मोहरा. विनायक नावाचा इसम दोर सोडून उतरतो, राक्षसाला कणकेची बाहुली खाऊ घालतो आणि तेवढ्यात दोन-चार मोहरा काढून पळतो. म्हणजे प्रत्येक खेपेला थोडीशीच उचल. मूळ ठेवीला हात नाही. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. मग त्याच्या मुलाला अक्कल सुचते की एकदमच सगळं काढून आणू. एकदम सगळं काढायला गेलं की कुठल्याही बँकेचं काय होतं? शेजारी बसलेले लोक राक्षस पाहून किंचाळत होते, मी मुलाचा प्रस्ताव ऐकून किंचाळलो.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! विनायकाने पहिल्याच मोहरेला अर्ज केला असता तर चित्रपट सव्वा मिनिटात संपला असता. पण हसण्यावारी नेऊ नये. गुप्तधनापायी आपल्याकडे अघोरी प्रकार इतके झाले की महाराष्ट्राने २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत त्याचा उल्लेख करावा लागला. ज्याच्या शेतात काही पिकत नाही त्याला शेताखाली काही तरी असेल असं वाटू लागतं. 'तुंबाड'मधला पाऊस कोकणातला आहे. पण ती हाव कुठल्याही तालुक्यात मिळते.

जुन्या मराठी चित्रपटांतलं भय जरा सोवळं होतं. १९६४ चा राजा परांजप्यांचा 'पाठलाग' घ्या. जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. वकील असलेल्या काशिनाथ घाणेकरांची बायको वारते, आणि मग हुबेहूब तिच्यासारखी बाई पोलिसांच्या ताब्यात सापडते आणि मीच तुमची बायको म्हणते. आजच्या भाषेत सांगायचं तर केवायसीचा प्रश्न. फोटो जुळतो, खुणा जुळतात, फक्त खातेदार मयत आहे. दोन वर्षांत त्याचा हिंदीत 'मेरा साया' झाला, साधना आणि सुनील दत्त यांच्यासकट. हिंदीत कपडे भारी झाले आणि गाणी देशभर गेली. पण काळ्या-पांढऱ्या रंगात घाणेकरांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला जास्त खरा वाटतो. हिंदी रूपांतराचं असंच असतं, वाडा मोठा होतो आणि माणूस लहान. १९७६ चा वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' मी कितीतरी नंतर टी.व्ही.वर पाहिला. त्यात आशा काळे नरसूच्या भुताला अशी भिते, की भुतालाच कसंनुसं व्हावं.

आताच्या भयपटांबद्दल माझी एकच तक्रार आहे. त्यांत दिवा मिणमिणतो आणि विझतो. अहो, ज्या विदर्भाने रोज दहा-बारा तासांचं भारनियमन काढलं आहे त्याला दिवा विझल्याने कसलं भय? आमच्या गावात दिवा अचानक लागला तर लोक दचकत.

मतकरींचं भय मात्र दिव्याखालचं. त्यांच्या चांगल्या गोष्टींत भूत लागतच नाही, फ्लॅटमध्ये राहणारी, पगारदार, नीटनेटकी माणसं पुरतात. त्यांनी आपल्याच कथेवरून, वयाच्या सत्तरीनंतर, 'इन्व्हेस्टमेंट' हा चित्रपट स्वतः काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. नाव वाचून मी तो म्युच्युअल फंडाच्या समजुतीने लावला. गोष्ट एका शाळकरी मुलाची, त्याच्या हातून घडलेल्या खुनाची, आणि मुलाच्या भवितव्यात आपण एवढं गुंतवलं आहे तर ते बुडू कसं द्यायचं म्हणून सगळं झाकणाऱ्या आईबापांची. कुठेही किंचाळी नाही. पाहून झाल्यावर मी आमच्या मुलाची दप्तरं तपासली. मतकरी मे २०२० मध्ये करोनाने गेले. त्या महिन्यात बातम्या इतक्या वाईट होत्या, की त्यांच्या जाण्याचं नीट दुःख करायलाही सवड मिळाली नाही.

आणि हाच माणूस मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहितो, आणि त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकर करतात, आणि पोरं भीतीने आईच्या कुशीत शिरता शिरता हसतात. हेच प्रभावळकर १९९३ साली महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त तात्या विंचू झाले. तोही एक पृष्ठांकित चेक, 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून आलेला. अमेरिकेत त्या बाहुल्याने लोकांची झोप उडवली. इथे रामदास पाध्यांनी बाहुला बनवला, समोर लक्ष्मीकांत बेर्डे उभा केला, आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांना एकाच वेळी दोन्ही झालं. आमच्या पिढीच्या कुठल्याही लग्नात तो मंत्र कोणी तरी म्हणतंच. बहुधा मंगलाष्टकं चालू असताना.

द. मा. मिरासदारांनी तर 'भुताचा जन्म' या नावाची विनोदी कथा लिहिली. ते, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत हिंडले. तिकडे पु. लं.नी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. हल्ली एक माणूस माईक घेऊन तासभर बोलतो त्याला लोक नवीन कला समजतात आणि तिला इंग्रजी नाव देतात. आमच्याकडे साठ वर्षांपूर्वी एका माणसाने अख्खी चाळ बोलवली, तीही शिव्या न देता.

पण आमच्या मुलखात खरी खळबळ उडवली ती लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ने. १९७९ पासून तीन तास एकटा माणूस, एक उपरणं आणि बावन्न पात्रं. गिनेस बुकात नाव गेलं. गोष्ट लग्नाच्या वऱ्हाडाची, भाषा मराठवाड्याची. पण बुलढाणा जिल्हा पडला वऱ्हाडात. नाटकाचं नाव कानावर आलं तेव्हा आमच्या घरच्या मोठ्यांची समजूत अशी झाली, की सरकारने अखेर आपल्या भागाचं काही तरी करायचं ठरवलं. घाटावरच्यांना, म्हणजे देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडच्यांना, जालना शेजारीच असल्याने भाषा पहिल्या वाक्यापासून कळली. घाटाखालचे म्हणाले, "बोलणं तं आपल्यासारखंच हाय, पन कुठीसा हेल चुकते." आमच्या हेलाला टी.व्ही.वर पुरेपूर जागा मिळायला भारत गणेशपुरे यांची वाट पाहावी लागली. 'चला हवा येऊ द्या'त ते अस्सल वऱ्हाडी बोलले आणि पुण्याच्या नातेवाइकांनी आम्हाला पहिल्यांदा, "बोला ना जरा तसं," असा आग्रह केला.

खरं सांगायचं तर वऱ्हाड लंडनला कधीचंच निघालं होतं. १८५३ साली. निजामाकडे कंपनी सरकारची थकबाकी झाली, फौजेचा खर्च चुकता होईना, तेव्हा त्याने कंपनीला वऱ्हाड प्रांत लावून दिला. म्हणजे आख्खा मुलूख तारण! १९०२ साली कर्झनने त्याचा वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला. मधल्या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत आगगाडी आली ती आम्हाला शेगावी दर्शनाला जाता यावं म्हणून नव्हे. गासड्या आधी मुंबईला, तिथून विलायतेला. मी कर्जखात्यात बसतो म्हणून मला हा इतिहास जरा जास्त लागतो. इतर प्रांत लढाईत गेले, आमचा वसुलीत गेला.

मग २००२ मध्ये सदानंद देशमुखांची 'बारोमास' आली. देशमुख आमच्याच जिल्ह्यातले, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. २००४ चं साहित्य अकादमी पारितोषिक तिला मिळालं. मी ती घेतली ती जिल्ह्याचा अभिमान म्हणून, दोन बैठकींत संपवू या हिशेबाने. मला दोन महिने लागले. त्यात मुंज्या नाही, वाडा नाही. एकनाथ नावाचा शिकलेला, नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे, घर आहे, बैल आहेत, पाऊस आहे किंवा नाही. आणि प्रत्येक पान उलटताना आता काय होणार ही धाकधूक. धारपांच्या पुस्तकात पोटात गोळा येई तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवी आणि तो गोळा पुस्तकात राही. हे पुस्तक मिटलं आणि सकाळी दहा वाजता खिडकी उघडली तर रांगेत तीच माणसं उभी. सातबारा घेऊन. २००६ साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांसाठी जे पावणेचार हजार कोटींचं पॅकेज दिलं, त्याच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. यादीत जिल्ह्याचं नाव आल्याचा आनंद होऊ नये अशा याद्या असतात.

'बारोमास'वर पुढे धीरज मेश्राम यांनी हिंदी चित्रपट केला. चांगल्या मनाने केला. पण त्यातली माणसं हिंदीत रडतात आणि बैल तेवढे वऱ्हाडीत हंबरतात, असं मला वाटत राहिलं.

माझ्या मते या सगळ्यातला खरा भयपट २००९ मध्ये आला, आणि तो पाहताना लोक हसतात. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस'. गाभ्रीचा ही आमच्याकडची शिवी आहे, प्रेमानेही देतात. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला. त्या दिवसापासून गिरीश कुलकर्णींच्या बायकोला, म्हणजे सोनाली कुलकर्णीला, एकच धास्ती, की आपलाही नवरा तसंच करील. म्हणून ती त्याला एकटं सोडत नाही. पोराला पाळतीवर ठेवते, सासूला ठेवते, घरात काही नसताना पुरणपोळी करते. नवऱ्याला कळत नाही की आज एवढं गोडधोड कशासाठी. थिएटरात हशा उठतो. धारपांच्या गोष्टीत 'त्याला आज रात्री एकटं सोडू नका' हे समर्थ सांगतो. इथे बाई स्वतःच ठरवते, आणि रात्र एकच नाही.

आमच्या शाखेत परवा एक पीककर्जाचा खातेदार नूतनीकरणाला आला होता. मागे खांबाला टेकून त्याचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा. दिवस शाळेचा होता. मी कागद तपासता तपासता विचारलं, "काय रे, शाळा बुडवली?"

"नाई. मायनं सांगतलं, बापासंग राहाय."

कागदांना वेळ लागणार होता. त्याच्या हातात बापाचा मोबाईल होता, त्यावर 'झपाटलेला' चालू होता, आवाज बंद करून. मी म्हटलं, "भेव नाही वाटत त्या बाहुल्याचं?"

"नाई जी. हासू येते," तो म्हणाला, आणि नजर बापाच्या पाठीवरच ठेवली.